कैरोचे औषध, लोझानचा निवाडा

निषिद्ध द्रव्यांचा विषय निघाला म्हणजे सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे दंड फुगलेला भारोत्तोलक किंवा शंभर मीटरांच्या अंतिम रेषेवर छाती झोकून देणारा धावपटू उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण ह्या विषयाची बदनामी ज्या प्रकरणांनी जगभर गाजवली ती बहुतेक बळाच्या आणि वेगाच्या खेळांतील होती. परंतु खेळाडूवर ठेवलेला आरोप कोणी, कोणत्या नियमान्वये आणि किती पुराव्यानिशी शाबित करावयाचा, ह्या प्रश्नावरील ज्या निवाड्याचा दाखला गेली तीस वर्षे लवाद वारंवार देत आले आहेत, तो एका नेमबाजाच्या फिर्यादीवरील आहे. जेथे विजय बळाने मिळत नाही, हाताच्या आणि मनाच्या स्थैर्याने मिळतो, अशा एका खेळाने त्या स्थैर्यासाठी घेतलेल्या गोळ्यांचा बंदोबस्त करता करता क्रीडाविषयक न्यायाची एक महत्त्वाची कसोटी घडवावी, ही हकिकत जितकी चमत्कारिक तितकीच बोधप्रद आहे.

दहा मीटरांवरील एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा मध्यबिंदू अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नेमबाज श्वास अर्धवट सोडून थांबतो, बोट घोड्यावर हळूहळू दाब वाढवीत असते, आणि त्या क्षणी छातीतला एक ठोका नळीचे टोक केसाएवढे हलवावयास पुरेसा होतो. म्हणून निष्णात नेमबाज दोन ठोक्यांमधील निवांत अवकाश साधून गोळी सोडावयास शिकलेला असतो. ज्या द्रव्याने हृदयाची गती मंदावेल, हाताचा सूक्ष्म कंप ओसरेल आणि स्पर्धेच्या दिवशी पोटात उठणारी भीती निवेल, ते द्रव्य ह्या खेळात अनमोल ठरणार हे उघड आहे. सर जेम्स ब्लॅक ह्यांनी हृदयरोग्यांसाठी शोधून काढलेले प्रोप्रॅनोलॉल, ज्या संशोधनासाठी त्यांना 1988 मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी करण्यात आले, ते नेमके असेच द्रव्य होते. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात 33 पिस्तूल नेमबाजांना त्याच जातीचे मेटोप्रोलॉल देऊन पाहण्यात आले, तेव्हा 600 गुणांपर्यंत पोहोचण्यास ज्याला जितके गुण कमी पडत होते त्यांपैकी सरासरी 13.4 टक्के गुणांची भरपाई झालेली आढळली. जेथे पदके एखाद्या गुणाने मिळतात आणि हुकतात, तेथे हा लाभ थोडा म्हणता येणार नाही.

पण गोळ्यांच्या आधी मद्य होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 1967 मध्ये वैद्यकीय आयोग सक्रिय करून निषिद्ध द्रव्यांची यादी सिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी तिचा अंमल सुरू केला, तेव्हा मेक्सिको येथील स्पर्धांत ऑलिंपिकच्या इतिहासात निषिद्ध द्रव्यामुळे बाद झालेला पहिला खेळाडू निघाला तो स्वीडनचा हान्स-गुन्नार लिल्येनवाल. तो आधुनिक पंचक्रीडेतला होता. घोडेस्वारी, तलवार, पोहणे, धावणे आणि पिस्तूल अशा पाच परीक्षांपैकी पिस्तुलाच्या परीक्षेपूर्वी मन शांत व्हावे म्हणून आपण दोन ग्लास बिअर घेतली, अशी त्याची कैफियत होती. त्याच्या त्या दोन ग्लासांपायी स्वीडनच्या संघाचे कांस्यपदक गेले आणि ते फ्रान्सच्या पदरात पडले. चार वर्षांनी म्युनिकमध्ये प्रकार अधिक गुंतागुंतीचा झाला: ह्याच पंचक्रीडेतील काही खेळाडूंच्या नमुन्यांत शामक औषधे सापडली, ती औषधे त्या खेळाच्या संघटनेने वर्ज्य ठरविलेली होती, परंतु ऑलिंपिक समितीच्या यादीत त्यांचे नावच नव्हते, सबब कोणासही शासन झाले नाही. एकाच मैदानावर दोन कायदेकानू लागू असले आणि त्यांचा परस्परांशी मेळ नसला म्हणजे काय होते, ह्याची ही पहिली झलक होती, आणि तिच्यापासून कोणी फारसा धडा घेतल्याचे दिसत नाही. पुढे लॉस एंजेलिसच्या स्पर्धांनंतर, 1985 साली, हृदयगती मंदावणाऱ्या बीटा-ब्लॉकर वर्गातील औषधे ऑलिंपिक यादीत दाखल झाली.

आता हे नियम चालविणारे कोण होते, तेही पाहिले पाहिजे. नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना 1907 मध्ये झुरिक येथे स्थापन झाली, पहिल्या महायुद्धात विसर्जित झाली, 1921 मध्ये पुन्हा उभी राहिली, दीर्घकाळ ‘यूआयटी’ ह्या फ्रेंच आद्याक्षरांनी ओळखली गेली आणि 1998 मध्ये तिने आजचे ‘आयएसएसएफ’ हे नाव धारण केले. वर्षानुवर्षे ओळखीची माणसे एकत्र बसून लक्ष्याचा व्यास, बंदुकीचे वजन, जाकिटाची जाडी अशा बाबींवर बारकाईने ठराव करीत असली म्हणजे, जे काही कागदावर आलेले नाही तेही सर्वांना ठाऊकच आहे, अशी एक समजूत त्यांच्यात रुजते. मंडळी एकमेकांना ओळखत असतात तोवर तिच्यावाचून अडत नाही. परंतु तिच्या आधारे परक्या देशातल्या माणसाचे निलंबन करावयाची वेळ आली की तिचे खरे स्वरूप उघडे पडते. शिवाय फिर्यादी तीच संघटना, तपासनीस तीच आणि निवाडा देणारीही तीच, अशी ही व्यवस्था होती. शिक्षा झालेल्या खेळाडूने दाद मागावी तरी कोणाकडे? आपापल्या देशाच्या दिवाणी न्यायालयात गेल्यास निकाल लागेपर्यंत स्पर्धा तर सोडाच, कारकीर्दही आटोपण्याची भीती.

ह्या अडचणीवर उपाय म्हणून ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष सामारांच ह्यांच्या पुढाकाराने आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सेनेगाली न्यायमूर्ती केबा म्बाये ह्यांच्या मार्गदर्शनाखाली 1984 मध्ये लोझान येथे क्रीडा लवाद न्यायालयाचा कारभार सुरू झाला. न्यायालय हे नाव भारदस्त खरे, परंतु हे मुळात लवादमंडळ होते. उभय पक्षांनी मान्य केले तरच त्याला अधिकार, आणि तोही पंच म्हणून. मराठेशाहीतील गोतसभेपुढे वाद नेताना वादी-प्रतिवादींनी निवाडा मानण्याचा कतबा लिहून देऊन जामीन द्यावयाचे, त्याच जातीची ही गोष्ट. प्रारंभी ह्या मंडळाचा खर्च, नेमणुका आणि नियमावली सगळे ऑलिंपिक समितीच्या हाती होते, आणि ही गोष्ट 1993 मध्ये एल्मार गुंडेल ह्या जर्मन घोडेस्वाराने स्वित्झर्लंडच्या संघीय न्यायालयापुढे मांडली. न्यायालयाने लवादाचा निवाडा ग्राह्य धरला, परंतु उद्या स्वतः ऑलिंपिक समितीच एखाद्या वादात पक्षकार झाली तर ह्या मंडळाच्या स्वातंत्र्याविषयी शंका घेता येईल, असा इशाराही देऊन ठेवला. त्या इशाऱ्याचा परिणाम म्हणून 1994 च्या जूनमध्ये लवादाची देखरेख करणारी एक स्वतंत्र परिषद स्थापन झाली, म्बाये तिचे अध्यक्ष झाले, आणि अपिलांसाठी निराळा विभाग काढण्यात आला. घराची ही डागडुजी नुकतीच आटोपत होती तोच दारात नेमबाजीचा वाद येऊन ठेपला.

1994 च्या वसंतात कैरो येथे विश्वचषक स्पर्धा भरली होती. अमेरिकेचा क्विग्ली स्कीट ह्या प्रकारात उतरलेला होता. हा प्रकार निश्चल लक्ष्यावर नेम धरण्याचा नव्हे. अर्धवर्तुळात आखलेल्या स्थानांवर क्रमाने उभे राहून, दोन्ही बाजूंच्या घरकुलांतून सुटणाऱ्या तबकड्या हवेतल्या हवेत फोडण्याचा हा खेळ, त्यात हाताच्या स्थैर्याइतकीच डोळ्याची त्वरा लागते. स्पर्धेच्या काळात क्विग्ली आजारी पडला. परक्या मुलखात, परक्या भाषेत, अवचित आलेल्या आजारात माणूस जे करतो ते त्याने केले: डॉक्टरला बोलावले आणि त्याने दिलेले औषध घेतले. नंतर त्याच्या मूत्राच्या नमुन्यात एफेड्रिन हे निषिद्ध द्रव्य आढळले. सर्दी-खोकल्याच्या औषधांतून सर्रास वापरले जाणारे हे द्रव्य हृदयाची गती वाढविते. लक्ष्यापुढे उभा राहणारा शहाणा माणूस ते मुद्दाम घेईल असे मला वाटत नाही, निदान स्थिर लक्ष्यावर नेम धरणारा तरी घेणार नाही. परंतु यादी ती यादी. संघटनेने त्याचा निकाल रद्द केला आणि त्याचे निलंबन केले. अमेरिकेची नेमबाजी संघटना आणि क्विग्ली ह्या दोघांनी मिळून लोझानला अपील दाखल केले, आणि 23 मे 1995 रोजी त्या अपिलाचा फैसला झाला.

वादाचा गाभा एका वाक्यात होता. संघटनेच्या नियमावलीतील व्याख्येनुसार, कामगिरी वाढविण्याच्या हेतूने यादीतील द्रव्याचा वापर करणे हा अपराध होता. म्हणजे द्रव्याबरोबर हेतूही शाबित व्हावयास हवा. संघटनेचे म्हणणे असे की हेतूची चिकित्सा करण्याची गरज नाही; द्रव्य शरीरात सापडले की अपराध घडला, अशीच आमची प्रथा आहे, आमच्या कार्यकारी मंडळात सर्वांची समजूत तशीच आहे आणि इतर खेळांतही कायदा तिकडेच चालला आहे. क्विग्लीचे म्हणणे साधे होते: तुमची समजूत मला कशी कळावी? मी वाचू शकतो ते तुमचे छापील नियम.

पंचांनी हा प्रश्न दोन भागांत विभागला, आणि निवाड्याचे महत्त्व ह्या विभागणीतच आहे. पहिला भाग तत्त्वाचा: हेतू न पाहता केवळ द्रव्याच्या अस्तित्वावरून खेळाडूला दोषी धरणारा नियम असावा की नाही? ह्याला पंचांनी दिलेले उत्तर क्विग्लीला मुळीच सुखावणारे नव्हते. असा नियम एखाद्या निष्पापावर अन्याय करील हे त्यांनी मोकळेपणी कबूल केले. चुकीची चिठ्ठी लावलेली बाटली, डॉक्टरचा चुकीचा सल्ला, परदेशातले आकस्मिक आजारपण ह्यांत खेळाडूचा काय दोष? परंतु स्पर्धेच्या पूर्वसंध्येला दूषित अन्नाने आजारी पडणाऱ्या खेळाडूवरही दैव अन्यायच करते, आणि त्याच्यासाठी कोणी स्पर्धा पुन्हा भरवीत नाही. उलट प्रत्येक वेळी हेतू सिद्ध करण्याचा भार संघटनेवर टाकला तर खरे लबाड सुटतील, आणि तुटपुंज्या निधीवर चालणाऱ्या संघटना खर्चिक खटल्यांखाली दबून जातील. सबब असा कठोर नियम करण्यास हरकत नाही, इतकेच नव्हे तर तो इष्टही ठरू शकेल.

दुसरा भाग त्या नियमाच्या अस्तित्वाचा होता. असा नियम करता येतो ही एक गोष्ट. तो केलेला आहे ही दुसरी. यूआयटीच्या नियमावलीत तो नव्हता, आणि जे कागदावर नाही ते सद्भावनेने, प्रथेने किंवा इतर संघटनांच्या उदाहरणाने त्यात वाचून घेता येत नाही. खेळाडूच्या उपजीविकेवर आणि नावलौकिकावर परिणाम करणारे नियम आधी कळण्याजोगे असले पाहिजेत, ते अधिकारप्राप्त मंडळाने रीतसर संमत केलेले असले पाहिजेत. ते वर्षानुवर्षे थरावर थर साचून, मोजक्या आतल्या माणसांनाच अर्थ लागेल अशा परस्परविरोधी तरतुदींच्या जंजाळातून ओढून काढलेले नसावेत. निषिद्ध द्रव्यांविरुद्धचा लढा कठीण आहे, त्याला कडक नियम लागतील हे मान्य, पण नियम करणाऱ्याने आणि चालविणाऱ्याने हा कडकपणा प्रथम आपल्यापासून सुरू करावा, अशा आशयाचे त्या निवाड्यातील विधान पुढे लवादांच्या आणि वकिलांच्या तोंडी इतके रुळले की आज त्याचा उगम एका नेमबाजाच्या औषधाच्या बाटलीत आहे हे पुष्कळांच्या गावीही नसेल. अपील मंजूर झाले आणि संघटनेचा हुकूम रद्दबातल ठरला.

कित्येकांना हा निवाडा पळवाट वाटला. द्रव्य सापडले, तरी माणूस सुटला. कागदावरच्या चार शब्दांनी त्याला वाचविले. परंतु मला तो त्याहून कठोर वाटतो, कारण त्याने संघटनांच्या हातची सवलत काढून घेतली. राजाने केलेला कायदा रयतेवर चालावा आणि राजावर चालू नये, हा प्रकार जितका जुना आहे तितकाच सोयीचा आहे. आणि कैरोच्या खटल्यात राजा दुष्ट नव्हता, तो सद्हेतूने, चांगल्या कार्यासाठी आपल्याच नियमाच्या बाहेर जात होता. चांगल्या कार्यासाठी नियमाबाहेर जाणाऱ्याला अडविणे हे न्यायाधीशाच्या कामांतले सगळ्यांत कृतघ्न काम होय, कारण तेथे टाळ्या दुसऱ्या बाजूला पडतात.

निवाड्याचा पहिला भाग किती धारदार होता ते सिडनीत दिसले. 2000 च्या ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या सोळा वर्षांच्या आंद्रेया रादुकानने सर्वांगीण जिम्नॅस्टिक्सचे सुवर्णपदक जिंकले. संघाच्या डॉक्टरने सर्दीसाठी दिलेल्या गोळीतून तिच्या शरीरात स्यूडोएफेड्रिन गेले होते. ह्यात तिचा स्वतःचा अपराध नाही हे सर्वांना दिसत होते, लवादालाही दिसत होते. तरीही तिचे पदक गेले ते गेलेच. कैरो आणि सिडनी ह्या दोन प्रकरणांत वस्तुस्थिती जवळजवळ तीच: आजारी खेळाडू, डॉक्टर, सर्दीचे औषध. फरक होता तो नियमाच्या शब्दरचनेत, कारण सिडनीत लागू असलेल्या नियमाला हेतूची अट नव्हती.

त्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. 1999 च्या नोव्हेंबरमध्ये निषिद्ध द्रव्यविरोधी जागतिक संस्था स्थापन झाली, 2003 साली कोपनहेगन येथे जागतिक संहिता संमत झाली आणि 2004 च्या जानेवारीपासून तिचा अंमल सुरू झाला. खेळाडूच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडणे हाच अपराध, त्याचा हेतू, चूक किंवा हलगर्जीपणा शाबित करण्याची गरज नाही, असे तिने सुरुवातीलाच स्वच्छ लिहून टाकले. बीटा-ब्लॉकर आजही सर्व खेळांत निषिद्ध नाहीत. ज्या थोड्या खेळांत आहेत त्यांत नेमबाजी आणि तिरंदाजी ह्यांच्या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे जाऊन, ही द्रव्ये स्पर्धेबाहेरील काळातही वर्ज्य ठरविली आहेत. बीजिंगमध्ये 2008 साली उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू ह्याच्या नमुन्यात प्रोप्रॅनोलॉल सापडले, तेव्हा पन्नास मीटर पिस्तुलातील रौप्य आणि दहा मीटर एअर पिस्तुलातील कांस्य अशी दोन्ही पदके त्याच्याकडून काढून घेण्यात आली. एअर पिस्तुलाचे कांस्य अमेरिकेच्या जेसन टर्नरला मिळाले. तेथे मात्र नियमाच्या अर्थाविषयी वादच उद्भवण्यासारखा नव्हता.

आजच्या घडीला कोल्हापुरात किंवा पुण्यात सरावाला उभा राहणारा नेमबाज ह्याच व्यवस्थेचा प्रजाजन आहे. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या त्रिस्थितीत कांस्यपदक मिळविता झाला, तो ज्या संहितेखाली खेळला तीच संहिता सोलपासून साओ पावलोपर्यंत लागू आहे. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूवर निलंबनाचा हुकूम निघाल्यास, संघटनेच्या नियमात वेगळी मुदत नसली, तर एकवीस दिवसांच्या आत लोझानला अपील करावे लागते. एक पंच आपण निवडायचा, एक प्रतिपक्षाने, सरपंच लवादाच्या अपील विभागाकडून येतो, आणि हे तिघे खालच्या निर्णयाची केवळ छाननी न करता सबंध प्रकरण नव्याने ऐकू शकतात. पण ह्या लवादाला दिलेली मूळ संमती खरोखर संमती आहे काय? सही केली नाही तर स्पर्धेत उतरता येत नाही, आणि स्पर्धेत उतरायचे नसेल तर नेमबाजाने आयुष्याची दहा वर्षे कशासाठी घालविली? जर्मनीच्या स्केटपटू क्लाउडिया पेखश्टाइन ह्यांनी हाच प्रश्न स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेला, आणि 2 ऑक्टोबर 2018 रोजी त्या न्यायालयाने अशी संमती सक्तीचीच ठरते हे मान्य केले. लवादाचे स्वातंत्र्य त्याला पुरेसे वाटले, मात्र मागणी असूनही सुनावणी जाहीररीत्या झाली नाही हा दोष त्याने दाखवून दिला. गोतसभेचा निवाडा गावाच्या चावडीत, देवळात, चारचौघांसमक्ष होत असे, ही गोष्ट येथे आठवल्याखेरीज राहत नाही.

आणि क्विग्ली आज त्याच औषधासह पकडला गेला असता तर? एफेड्रिनला आज मर्यादा घालून दिलेली आहे, मूत्राच्या एका मिलिलिटरमागे दहा मायक्रोग्रॅमची, आणि ते केवळ स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. ती मर्यादा ओलांडली असती तर त्याची त्या स्पर्धेतील कामगिरी आपोआप रद्द झाली असती; त्याबाबत कोणी पंच काही करू शकला नसता. निलंबनाचे मात्र निराळे: एफेड्रिन ज्या द्रव्यांच्या वर्गात मोडते त्यांच्या बाबतीत, खेळाडूचा दोष फारसा नाही हे पटले तर शिक्षा नुसत्या ताकिदीपर्यंत खाली येऊ शकते. त्यासाठी डॉक्टरला आपण काय विचारले, त्याने काय सांगितले, बाटलीवर काय छापलेले होते आणि नमुना देताना अर्जात त्या औषधाची नोंद केली होती की नाही, ह्याचा पुरावा त्यालाच गोळा करून मांडावा लागला असता.